आधी पाहणी, मगच सफाई

सन १९७२मध्ये बाजारात आलेली 'बजाज चेतक' अनेक मध्यमवर्गीय घरांतील पहिले वाहन ठरली. वर्षानुवर्षे उभी असलेली अशी स्कूटर दुरुस्तीस आली, की नवशिका मेकॅनिक प्रथम रॉकेल आणि ब्रश हाती घेतो. चूक नेमकी तेथेच होते; कारण इंजिनातील काजळी हाच त्याच्या बिघाडाचा पुरावा असतो.

स्पार्क प्लग पुसण्यापूर्वी नीट पाहावा. टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन योग्य होते. ते काळे व ओलसर असल्यास मिश्रणात पेट्रोल वा ऑइल अधिक होते आणि पांढरे पडले असल्यास इंजिन अति तापत होते, असे समजावे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच मिळते. गॅस्केट किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून बाहेरची हवा शिरली, की मिश्रण विरळ होऊन पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. पिस्टनवरील उभे चरे त्याचीच साक्ष देतात.

ही पाहणी झाल्यावरच सफाईस हात घालावा. सिलिंडर काढताच क्रँककेसचे तोंड स्वच्छ कापडाने झाकावे. काजळीचा कठीण कणही बेअरिंग खराब करू शकतो. पिस्टनचा माथा व एक्झॉस्ट पोर्ट लाकडी पट्टीने खरवडावेत. रिंग खाचेत अडकली नाही ना, हेही तपासावे.

केवळ चकचकीत केलेले इंजिन सुरू होईलही. मात्र सदोष सील तसेच राहिले, तर नवा पिस्टनही त्याच रीतीने जाम होईल.