१८ कोटी पगार, पण किती पैकी?

आजचा विषय आपल्या थेरगावातूनच सुरू होतो. इथल्या दिलीप वेंगसरकर अकादमीत ऋतुराज गायकवाड तयार झाला. आयपीएल २०१९ साठी चेन्नईने त्याला २० लाखांत घेतलं. २०२२ ला ६ कोटी आणि २०२५ ला १८ कोटी देऊन संघात ठेवलं. आपण लगेच म्हणतो, "एवढे पैसे? मग हा कामगार कसला?"

थांबा, हिशोब करू. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे मीडिया हक्क ४८,३९० कोटींना गेले. म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ ला ऑक्शन पर्स होती संघामागे १२० कोटी. दहा संघांचे झाले १,२०० कोटी. वर मॅच फीसाठी संघामागे १२.६० कोटी धरले, तरी शंभरातले १४ रुपयेसुद्धा होत नाहीत. तिकिटं आणि स्पॉन्सर तर मी धरलेच नाहीत! अमेरिकेत एनबीएचे खेळाडू बास्केटबॉलच्या कमाईतला जवळपास निम्मा वाटा घेतात.

एवढा फरक का? एनबीएत १९५४ पासून खेळाडूंची युनियन आहे. ती लीगबरोबर करार करते. पिंपरी-चाकणमध्ये हे वेगळं सांगायला नको. युनियन आणि मॅनेजमेंट बसतात, वेतन करार होतो, तसंच. आपल्याकडे २०१९ ला क्रिकेटपटूंची संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज मैदानात असलेल्यांच्या वतीने टेबलावर बसणारं कोणीच नाही.

शिवाय नोकरी बदलायची सोयही कमी. मला ऑफर पटली नाही तर मी दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू देतो. ऑक्शनमध्ये संघ खेळाडू निवडतो, खेळाडू संघ नाही. निवड झाल्यावर योग्य कारणाशिवाय माघार घेतली तर दोन हंगाम बंदी. आणि भारतीय पुरुष खेळाडूला परदेशी टी-२० लीग खेळायची असेल तर आधी इथून निवृत्ती घ्यावी लागते.

बरं, हे झालं वरच्या मोजक्यांचं. रणजीत नव्या खेळाडूला दिवसाला ४०,००० मिळतात, पण अकरा जणांत असेल तर. दुखापत झाली, जागा गेली, की मॅच फी बंद. कंत्राटी कामगाराच्या हजेरीसारखंच की!

तर पुढच्या ऑक्शनला मोबाईलवर आकडा झळकला की "किती मिळाले?" एवढंच विचारू नका. "किती पैकी मिळाले, आणि ते कोणी ठरवलं?" हेही विचारा.