सीबीसीचा कागद आणि सुजलेल्या रक्तवाहिन्या
जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त यंत्राला दिलं की मिनिटभरात सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, आकडे हातात येतात. नवी मुंबईत हे काम अफाट चालतं. तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या थायरोकेअरच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत देशभरातून नळ्या येतात. व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजण्याच्या आजारात, तो कागद बहुधा असा दिसतो: हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वाढलेल्या, आणि सोबत मागवलेला ईएसआर, म्हणजे लाल पेशी खाली बसण्याचा वेग, चढलेला. यातलं काहीच या आजाराचं खास नाही, मग त्यावर थांबायचं कशाला, असं विचारलं जातं. आक्षेपात तथ्य आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोह कमी पडलं तरी प्लेटलेट वाढतात, आणि क्षयरोगाचा कागदही बऱ्याचदा असाच दिसतो. पण म्हणूनच एकटा आकडा न वाचता मागचा रिपोर्ट शेजारी ठेवावा, असं मला ठामपणे वाटतं. लोहाची कमतरता हिमोग्लोबिन महिनोन्महिने झिजवते. फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांतून रक्त झिरपलं तर हिमोग्लोबिन दोन-तीन दिवसांत घसरतं, आणि थुंकीत रक्त दिसेलच असं नाही. अशा वेळी मूत्रपिंडांनाही झळ बसलेली असू शकते, म्हणून लघवीतल्या लाल पेशी आणि क्रिएटिनिन या दोन स्वस्त तपासण्या लोहाच्या गोळीआधी हव्यात. दगडखाणीत राबलेल्या माणसाबद्दल ही शंका आणखी लवकर यावी; सिलिकाच्या धुळीशी या आजारांतल्या काहींचा संबंध आढळला आहे, आणि या शहराभोवतीच्या टेकड्या खाणींनी पोखरलेल्या आहेत.

मग सरसकट अँका, म्हणजे स्वतःच्याच न्यूट्रोफिल पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची, तपासणीच का करू नये? कारण ही प्रतिपिंडं क्षयरोगातही सापडू शकतात, आणि मोठ्या रक्तवाहिन्या सुजवणाऱ्या ताकायासूच्या आजारात ती सहसा नसतातच. उलट काचपट्टीवर लीशमनच्या रंगात नारिंगी दाण्यांनी भरलेल्या इओसिनोफिल पेशी दिसल्या, रुग्णाला मोठ्या वयात दमा जडलेला असला आणि पायाला मुंग्या येत असल्या, तर इओसिनोफिल वाढवणारा व्हॅस्क्युलायटिसचा प्रकार डोक्यात यायलाच हवा. या प्रकाराच्या 2022 च्या वर्गीकरण-निकषांत मायक्रोलिटरला 1000 इओसिनोफिल या खुणेला मोठं वजन आहे. जंत आणि हत्तीरोगाचे कृमीही त्या वाढवतात, हे खरं. पण स्टेरॉइडचा डोस गेला की काही तासांतच त्या रक्तातून ओसरतात आणि पुरावाच नाहीसा होतो. रुग्ण अत्यवस्थ असताना रिपोर्टची वाट पाहू नये, हे मान्य. डोसआधी नळी भरायला मात्र दोन मिनिटं पुरतात. पुढे सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं की पांढऱ्या पेशी औषधानेच उतरतात, साधारण दुसऱ्या आठवड्यात सर्वांत खाली. म्हणून नळीसोबतच्या चिठ्ठीवर डोसची तारीख लिहिलेली असावी.