कोड आणि त्वचेचा कॅन्सर: एक उलटं नातं

कोडाच्या डागांना ऊन चटकन पोळतं, म्हणजे त्वचेचा कॅन्सरही जास्त होणार, असं वाटतं ना? घडतं उलटंच! कोडात आपल्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींना मारतात. आणि मेलानोमा हा घातक कॅन्सर नेमका त्याच पेशींतून उद्भवतो. नेदरलँड्समधल्या २०१३च्या अभ्यासात कोड असलेल्यांना मेलानोमाची शक्यता सुमारे तिपटीनं कमी आढळली. हे उलटं नातं जनुकांतही दिसतं: रंग बनवण्याशी संबंधित टायरोसिनेज जनुकातला एकच फरक एका आजाराची शक्यता वाढवतो, दुसऱ्याची घटवतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारे उपचार) चालू असलेल्या मेलानोमाच्या रुग्णाच्या अंगावर पांढरे डाग उमटले, तर ते बहुधा औषध लागू पडत असल्याचं लक्षण असतं. आणि ज्यांना कोडावर उपचार हवेत, त्यांच्यासाठी: कोडात रंग परत आणणाऱ्या रक्सोलिटिनिब क्रीमला अमेरिकेत २०२२मध्ये मान्यता मिळाली आहे.