संगणक सुरू व्हायला वेळ का लागतो? निदान शिकण्यासाठी एक घरचा प्रयोग

"आपला कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घेतो रे, जरा बघ ना." विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. त्यावरचे सल्लेही ठरलेले असतात. कोणी म्हणतं फॉरमॅट मार, कोणी म्हणतं रॅम वाढव, कोणी अँटिव्हायरस काढायला सांगतं. जो तो उत्तर देऊन मोकळा होतो, पण मुळात प्रश्न काय आहे हे कोणी विचारलेलंच नसतं.

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्यांनी हे काम टाळू नये असं मला वाटतं. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात 'गृहीतक', 'चल', 'नियंत्रण' या शब्दांच्या व्याख्या आपण पाठ करतो. इथे त्याच गोष्टी एका शनिवार-रविवारात हाताने करून बघता येतात. शिवाय निदान चुकलं तर त्याची किंमत खरी असते. उगाच खर्च होतो, आणि कधी कधी घरातले सगळे फोटो किंवा कोणाचा तरी अर्धा लिहिलेला प्रबंधही जातो.

आधी तक्रारीचा प्रश्न करा

'हळू' हा शब्द मोजता येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे त्याची कार्यात्मक व्याख्या करणं, म्हणजे नेमकं काय मोजणार ते ठरवणं. घड्याळ कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं? मी अशी व्याख्या करेन: पॉवरचं बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडून त्यात टाइप करता येईपर्यंतचा वेळ, त्यातून पासवर्ड टाकायला लागलेला वेळ वजा.

डेस्कटॉप दिसला की घड्याळ थांबवू नका. चित्र दिसतं, पण माउस क्लिक केलं की पुढचं मिनिटभर काहीच होत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. तक्रार करणाऱ्याला त्रास त्या मिनिटाचाच होत असतो. आपल्याला सोपं पडतं ते न मोजता, ज्याचा त्रास होतो ते मोजायचं.

दुसरा प्रश्न: हे कधीपासून होतंय? अचानक सुरू झालं की हळूहळू वाढत गेलं? अचानक झालं असेल तर त्याच सुमारास काय बदललं ते शोधा: नवा प्रोग्राम, अपडेट, नवा प्रिंटर. हळूहळू वाढलं असेल तर भरत चाललेली डिस्क, साचत गेलेले प्रोग्राम किंवा झिजत चाललेलं यंत्र, असे संशयित वेगळे होतात.

मोजण्यातला एक छुपा सापळा

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर संगणक पूर्णपणे बंद होत नाही. विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत वाचली जाते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं पहिल्यापासून उभं राहतं. म्हणजे एकदा शट डाउन करून आणि एकदा रीस्टार्ट करून वेळ मोजलात, तर तुम्ही दोन वेगळ्या घटनांची तुलना करताय. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की संगणक पूर्ण बंद होतो. प्रत्येक वेळी तसंच करा.

एकदाच मोजून भागत नाही. पाच वेळा मोजा. समजा, ११८, १२२, ११५, १३१ आणि १२० सेकंद आले. मध्यक १२०, पण पसारा १६ सेकंदांचा. आता एखादा बदल केल्यावर एकदाच मोजलं आणि ११६ आलं, तर 'सुधारणा झाली' असं म्हणता येत नाही, कारण काहीही न बदलता तेवढा फरक आधीच पडत होता. बदलानंतरचा पहिला बूट तर धरूच नका. सुरू होताना कोणत्या फायली लागतात याची नोंद विंडोज आधीच्या बूटवरून ठेवत असतं, त्यामुळे बदलानंतरचा पहिला आकडा नेहमीसारखा नसतो.

वेळेचे तुकडे पाडा

१२० सेकंद हा एकच आकडा असला तरी त्यात निदान तीन टप्पे आहेत. बटण दाबल्यापासून विंडोज लोड व्हायला लागेपर्यंत मदरबोर्डवरचं फर्मवेअर यंत्राची तपासणी करतं. त्यानंतर लॉगिनचा पडदा येईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, ड्रायव्हर आणि सेवा सुरू होतात. लॉगिननंतर आपण बसवलेले प्रोग्राम एकामागून एक जागे होतात.

समजा, हे टप्पे अनुक्रमे १०, ३० आणि ८० सेकंदांचे निघाले. आता बायोसमध्ये शिरून कितीही खटपट केली आणि पहिला टप्पा अगदी शून्यावर आणला, तरी वाचणार १० सेकंद, म्हणजे जेमतेम ८ टक्के. तिसरा टप्पा नुसता निम्मा केला तर ४० सेकंद वाचतात. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर संगणनाबद्दल मांडलेल्या युक्तिवादाचा गाभा हाच आहे: एखादा भाग सुधारून मिळणारा एकूण फायदा, त्या भागाचा एकूण वेळेत वाटा किती आहे यावर अडलेला असतो. कुठे शोधायचं हे ठरवायला एवढा हिशोब पुरतो.

संगणक स्वतःही नोंदी ठेवतो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात 'लास्ट बायोस टाइम' दिसतो, तो पहिल्या टप्प्याचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल अशा वाटेने गेलं की क्रमांक १०० च्या नोंदीत बूटचा काळ मिलिसेकंदांत मिळतो. कोणत्या प्रोग्राममुळे, ड्रायव्हरमुळे किंवा सेवेमुळे उशीर झाला याच्या नोंदी १०१, १०२ आणि १०३ या क्रमांकांनी येतात. पण या नोंदींचं घड्याळ आणि तुमचं स्टॉपवॉच एकाच क्षणी सुरू होत नाही. दोन उपकरणांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

यादीत पहिला म्हणजे गुन्हेगार नव्हे

टास्क मॅनेजर प्रत्येक प्रोग्रामपुढे 'हाय', 'मीडियम', 'लो' असा शिक्का मारतो. मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येनुसार, सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणारा किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन करणारा प्रोग्राम 'हाय'. म्हणजे ४ एमबीवालाही हाय आणि ४०० एमबीवालाही हाय! सलग मोजमापाचे गट पाडले की माहिती कशी हरवते, याचं हे घरातलं उदाहरण.

लिनक्सवाल्यांसाठी 'सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम' ही आज्ञा आहे. कोणत्या सेवेला सुरू व्हायला किती वेळ लागला याची ती उतरत्या क्रमाने यादी देते. पण तिच्या मार्गदर्शिकेतच इशारा दिलाय की एखादी सेवा हळू दिसते ती कदाचित दुसऱ्या सेवेची वाट बघत बसली म्हणून. शिवाय बऱ्याच सेवा एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे यादीतल्या वेळांची बेरीज आणि बूटचा एकूण वेळ जुळत नाही. कोण कोणासाठी अडलं हे बघायला 'क्रिटिकल-चेन' ही वेगळी आज्ञा आहे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य आपण परीक्षेत लिहितो. इथे ते यंत्रच सांगतं.

संशयितांना बोलतं करा

समजा, लॉगिननंतरचे ८० सेकंद खटकतायत. तीन गृहीतकं समोर आहेत: सुरुवातीचे प्रोग्राम जास्त झालेत, रॅम कमी पडतेय, किंवा हार्ड डिस्क मंद आहे किंवा बिघडत चाललीय. तिन्हींचं लक्षण एकच, 'संगणक अडकतो'. त्यामुळे लक्षणाकडे कितीही टक लावून बघितलं तरी निवाडा होणार नाही. प्रत्येक गृहीतक वेगळं असं काय भाकीत करतं, ते शोधावं लागतं.

प्रोग्राम जास्त असतील, तर ते बंद केल्यावर वेळ ठळकपणे कमी व्हायला हवा. रॅम कमी पडत असेल, तर त्या क्षणी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळजवळ भरलेली दिसायला हवी. डिस्क बिघडत असेल, तर सगळे प्रोग्राम बंद करूनही मोठी फाइल कॉपी करताना अडखळणं दिसेल, आणि डिस्कच्या स्मार्ट नोंदींमध्ये निकामी किंवा वाचायला अवघड झालेल्या सेक्टरांचे आकडे वाढत असतील.

साध्या, निरोगी हार्ड डिस्कचाही हिशोब करून बघा. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. वाचक त्या पट्ट्यावर न्यायला आणखी दहाएक. एका विखुरलेल्या वाचनाला सुमारे १६ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला साठेक वाचनं होतात. सुरू होताना अशी ३००० वाचनं लागली तर गेले ४८ सेकंद! एसएसडीत फिरणारं काही नसतं. तिथे एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरलं तर तेवढ्याच कामाला ०.३ सेकंद. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी. ते १०० टक्के 'किती वेळ गुंतलेली' हे सांगतात. किती काम झालं, हे त्यातून कळत नाही.

एका वेळी एकच बदल

प्रोग्राम काढले, रॅम घातली आणि अपडेटही केलं, संगणक सुधारला. पण कशामुळे? सांगता येत नाही. म्हणून एक बदल करायचा, मोजायचं, मग पुढचा.

सुरुवातीचे १६ प्रोग्राम असतील तर १६ वेळा बूट करायची गरज नाही. निम्मे बंद करा. उशीर राहिला तर गुन्हेगार चालू असलेल्या आठांत, गेला तर बंद केलेल्या आठांत. असं निम्मं-निम्मं करत चार फेऱ्यांत एकावर येता. यामागे एक गृहीत आहे: दोषी एकच असावा. सोळा जणांनी पाच-पाच सेकंद खाल्ले असतील तर प्रत्येक फेरीत थोडा फरक दिसेल आणि कोणीच सापडणार नाही. पद्धत फसतेय असं वाटलं की आधी तिचं गृहीत तपासा.

दोषी सापडला की लोक थांबतात. एक पाऊल अजून टाका. तो प्रोग्राम पुन्हा चालू करा. उशीर परत आला, आणि बंद केल्यावर पुन्हा गेला, तर तुमच्या दाव्याला वजन येतं. परत आला नाही, तर मधल्या काळात दुसरंच काही बदललं असणार.

प्रयोग कधी थांबवायचा

फॉरमॅटचा मोह इथेच होतो. फॉरमॅटने संगणक बहुधा सुधारतो, पण प्रोग्राम, सेटिंग, फायलींची मांडणी असं सगळं एकदम बदलल्यामुळे कारणाचा पुरावाही पुसला जातो. खरं कारण बिघडत चाललेली डिस्क असेल, तर काही दिवस सगळं छान वाटेल आणि त्याच विश्वासावर माणूस नवा डेटा त्याच डिस्कवर ठेवत राहील. दुरुस्ती होणं आणि कारण कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक असा उशिरा कळतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. स्टॉपवॉच हातात घेण्याआधी महत्त्वाच्या फायलींची दुसऱ्या ठिकाणी प्रत करा आणि स्मार्ट नोंदी बघा. वाचायला अवघड सेक्टरांचा आकडा वाढताना दिसला तर मोजमापं तिथेच थांबवायची. अशा डिस्कवर प्रत्येक बूट म्हणजे आणखी ताण. तुमच्यासाठी तो एक नमुना असतो, घरच्यांसाठी त्यावर दहा वर्षांचे फोटो असतात. नमुना एकच असेल आणि तो दुसऱ्याचा असेल, तर आपल्या कुतूहलाला मर्यादा घालावीच लागते. पुढे माणसांवर, प्राण्यांवर किंवा दुर्मीळ नमुन्यांवर काम करणाऱ्यांनी ही सवय आतापासून लावून घेतलेली बरी.

शेवटी निष्कर्ष एका वाक्यात लिहून बघा. 'कॉम्प्युटर जुना झालाय' हा निष्कर्ष नाही. 'या संगणकात पूर्ण बंद स्थितीतून सुरू होण्याचा मध्यक १२० सेकंद होता; अमुक प्रोग्राम बंद केल्यावर पाच मोजमापांत तो ७५ झाला आणि चालू केल्यावर पुन्हा ११९; इतर संगणकांबद्दल यावरून काही म्हणता येत नाही' हा निष्कर्ष आहे. तो रुक्ष वाटेल, पण त्यातला प्रत्येक शब्द कोणीही येऊन तपासू शकतं. पुढच्या वेळी घरून "जरा बघ ना" अशी हाक आली की एक वही घेऊन बसा, आणि पहिल्या ओळीत उपाय लिहू नका, प्रश्न लिहा.