मेंदूतलं मीठ आणि लकव्याची वेळ

आमच्या झाडीपट्टीत पक्षाघात हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. ‘लकवा मारला’ म्हणतात. पश्चिमेकडे गेलात तर ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतील. मी गेली काही वर्षं या वाऱ्याच्या मागे आहे, त्याचं कारण घरचंच आहे.

माझी मोठी आई चामोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी ती अंथरुणातून उठेना. उजवा हात गेलेला, बोलणंही गेलेलं. जीप करून आठच्या सुमारास तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘कधी झालं?’ चुलतभाऊ म्हणाला, ‘रात्री नऊला जेवून तं झोपली होती जी. सकाळी पाहतो तं अशी.’ म्हणजे अकरा तास धरले गेले. स्कॅन काढला, तो कोरा आला. त्याचा अर्थ आम्ही ‘मेंदूला काही झालं नाही’ असा लावला आणि तिला मालिश करणाऱ्याकडे नेलं. चौथ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूला मोठा काळा डाग दिसला.

पहिल्या दिवशी तो डाग कुठे होता? मी डॉक्टर नाही, कॉलेजही अर्धवट सोडलेलं. पण हा प्रश्न मला सोडेना.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण तो सुमारे वीस टक्के प्राणवायू घेतो. त्यातला मोठा वाटा एका हमालीवर खर्च होतो. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, बाहेर नेमकं उलट. कॅल्शियम तर बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटींनी जास्त. हा भेद आपोआप टिकत नाही. पेशीच्या भिंतीतला एक पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि हे अखंड चालतं. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी तो 1957 साली दाखवला. त्यासाठी नोबेल मिळायला 1997 उजाडलं.

रक्तवाहिनी बुजली की काही मिनिटांत पंप थांबतो. बांध्यांचं पार फुटल्यासारखं होतं. पोटॅशियम बाहेर वाहतं, सोडियम, क्लोरीन आणि कॅल्शियम आत शिरतात. मिठाच्या मागून पाणी येतं, पेशी फुगतात. साधा सीटी स्कॅन ऊतीची घनता पाहतो. रक्तस्राव असेल तर तो लगेच पांढरा दिसतो. पण गुठळीच्या लकव्यात पुरेसं पाणी झिरपून घनता उतरेपर्यंत चित्र कोरं राहू शकतं. मूलद्रव्यांची अदलाबदल तोवर होऊन गेलेली असते.

ती पाहता येते. सिंक्रोट्रॉन नावाच्या प्रचंड यंत्रातला क्ष-किरणांचा बारीक झोत मेंदूच्या पातळ कापावर फिरवतात. प्रत्येक मूलद्रव्य त्याला आपल्या ठरलेल्या ऊर्जेच्या किरणांनी उत्तर देतं. त्यावरून ठिपक्याठिपक्याने नकाशा बनतो. कॅनडातल्या सस्काटूनला उंदरांच्या मेंदूंचे असे नकाशे निघाले आहेत. मेलेल्या गाभ्यात पोटॅशियम ओसरलेलं, कॅल्शियम चढलेलं. गाभ्याभोवती एक कडा असते, तिथल्या पेशी अर्धमेल्या पण वाचण्याजोग्या. सगळं औषधपाणी त्या कडेसाठीच असतं. काप तयार करतानाची एक अडचण मला फार आवडली: तो द्रावणात भिजवला तर पोटॅशियम धुऊन जातं आणि नकाशा खोटा ठरतो. म्हणून मेंदू झटपट गोठवतात. आपल्याकडे असा झोत इंदूरच्या इंडस-2 वर आहे. पण कापावर चालणारं हे तंत्र जिवंत रुग्णाच्या कामाचं नाही.

रुग्णासाठी एमआरआय. नेहमीचा एमआरआय पाण्यातला हायड्रोजन पाहतो, पण सोडियमसाठीही तो जुळवता येतो. गाभ्यातलं सोडियम तासागणिक वाढत जातं, म्हणजे मेंदूतच एक घड्याळ चालू असतं. मात्र सोडियमचा संकेत दुबळा, चित्र भरड, आणि माणसामाणसात वेग निराळा. म्हणून ते अजून संशोधनातच आहे. पाण्याचं घड्याळ मात्र वापरात आलं. साधारण पाचांतला एक लकवा झोपेतून उठल्यावर कळतो, आणि गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. एमआरआयच्या एका चित्रात डाग दिसतो, दुसऱ्यात अजून उमटलेला नसतो, अशा रुग्णांना वेळ माहीत नसतानाही हे औषध उपयोगी पडतं, असं युरोपातल्या 2018 च्या चाचणीने दाखवलं.

आता हे आमच्या जंगलाशी ताडून पाहा. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेतले डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या 86 गावांतले मृत्यू दोन वर्षं तपासले. 2015 साली निष्कर्ष छापून आले: 1599 मृत्यूंपैकी 229 लकव्याने, म्हणजे 14.3 टक्के, आणि इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. यातले बहुतेक जण घरीच गेले. हिवतापाच्या जिल्ह्यात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जिथे सीटीच लांब, तिथे सोडियमच्या एमआरआयचं नाव कोण घेणार? तिथे कामाचा आहे तो रक्तदाब मोजायचा पट्टा, रोजची गोळी आणि ‘शेवटचं धड कुणी, कधी पाहिलं?’ हा प्रश्न. लकवा कधी झाला ते कुणालाच ठाऊक नसेल, तर डॉक्टर तेव्हापासून तास मोजतात.

मोठ्या आईच्या तेराव्याला शेजारची बाई बोलता बोलता म्हणाली, त्या पहाटे पाचला कोंबडं आरवलं तेव्हा ती शेळ्या बाहेर काढत होती, दोघी चांगल्या बोलल्या, मग ती अंग दुखतं म्हणून पुन्हा जाऊन पडली. म्हणजे दवाखान्यात पोहोचलो तेव्हा अकरा नव्हे, फार तर तीन तास झाले होते. ते औषध तिथे होतं की नव्हतं, हे आम्ही विचारलंच नव्हतं. आणि त्या बाईलाही कुणी काही विचारलं नव्हतं.