लांब उडीचा खड्डा



श्रीरामपूरची काळी जमीन प्रवरेच्या कालव्यांवर भिजते. उसाला ती मानवते; पण तिच्यात खणलेल्या उडीच्या खड्ड्याचे पावसाळ्यात डबके होते. पाणी मुरत नाही, माती वाळूत मिसळते आणि दिवाळीनंतर सारे घट्ट बसते. त्यावर पोर जोराने पडले, की घोटा दुखावलाच म्हणून समजा.

गोल्फच्या मैदानावर बंकर नावाचे वाळूचे खड्डे असतात. ते राखणाऱ्यांचाही अनुभव हाच. तळाचा निचरा तुंबला, की वरून टाकलेली नवी वाळू वायाच जाते.

तेव्हा आधी जुनी वाळू उपसा. तळाला उतार द्या. उताराच्या टोकापासून सखल जागेपर्यंत चर खणून तो खडीने भरा. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून खड्ड्याभोवती उथळ पाट काढा.

वाळू नदीची, धुतलेली हवी. कण दोन मिलिमीटरहून जाड नकोत. मूठभर वाळू पेलाभर पाण्यात ढवळून पाहा. पाणी फार गढूळ झाले, तर तीत माती आहे, पुन्हा धुवा. थर कडेलाही निदान 30 सेंटिमीटर असावा आणि वाळू उडीच्या फळीच्या पातळीत राहावी.

एवढ्याने भागत नाही, बरं का! रोज सरावाआधी फावड्याने वाळू उकरा, काच-काटे वेचा, दाताळ्याने सारखी करा. दहा मिनिटांचे काम; पण ते चुकले, तर शिक्षा मुलाच्या पायाला होते.