गुंजभर सोने आणि घरची विहीर

निकामी संगणक व मोबाइल यांच्या चिपांतून घरीच सोने काढावे, असा विचार काही तरुणांच्या मनात येतो. चिपांत सोने असते हे खरे. पण ते केसाहून बारीक तारांत किंवा पातळ मुलाम्यात, अगदी अल्प.

ते विरघळवण्यास आम्लराज, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, वापरतात. त्यातून तांबूस-तपकिरी विषारी धूर निघतो. तो छातीत गेला तर आरंभी खोकलाच येतो. मात्र काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचून माणूस दगावू शकतो. म्हणून धूर लागल्यास, बरे वाटत असले तरी, लगेच दवाखाना गाठावा.

उरलेल्या पाण्यात आम्ल, तांबे आणि जुन्या डागाचे शिसे राहते. ते परसात ओतले तर माती नासते, विहिरीसही धोका पोहोचतो. शिशाने लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा होते.

तेव्हा असे भंगार फोडू वा जाळू नये. कोरड्या जागी साठवून नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांचाही रोख हाच आहे.

जमीन व पाणी ही देवाने आपल्या हाती सोपवलेली ठेव आहे. गुंजभर सोन्यासाठी ती आपण विटाळू नये.